डाख बसेना, कारण तांबे फार

घरात डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे मूल असले की डिसेंबर-जानेवारीपासून ‘प्रोजेक्ट’ नावाचा एक पाहुणा मुक्कामाला येतो. जेवणाच्या टेबलावर वायरींचे तुकडे, स्वयंपाकघरात सोल्डरिंगचा वास आणि संगणकाच्या पडद्यावर लाल-निळ्या रेषांचे जाळे. आजी विचारते, ‘हा कुठल्या गावाचा नकाशा रे?’ नातू म्हणतो, ‘पीसीबी आहे गं.’ मग तो एक कळ दाबतो आणि रेषांच्या मधली सगळी रिकामी जागा एका क्षणात लाल होऊन जाते. आजीला वाटते, काहीतरी सांडले!

त्या सांडण्याचे नाव ‘कॉपर पोअर’. विषय थोडा तांत्रिक आहे हे मान्य. पण ज्यांच्या घरात कधीकाळी कल्हईवाला येत होता त्यांना तो समजायला जड जाणार नाही. शिवाय ते न समजल्यामुळे चांगली चालणारी यंत्रे कशी बंद पडतात, हे एका घरात जवळून पाहायला मिळाले, म्हणून हा खटाटोप.

पोअर म्हणजे ओतणे. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाला हा शब्द सांगितला तर त्याच्या डोळ्यांपुढे लालभडक वितळलेले लोखंड आणि साचा उभा राहील. सर्किट बोर्डात मात्र कोणी काही ओतत नाही. काचतंतू आणि इपॉक्सीच्या साधारण १.६ मिलीमीटर जाडीच्या पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा आधीच पूर्ण चिकटवलेला असतो. त्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन. म्हणजे एक औंस तांबे एक चौरस फुटावर पसरले तर जेवढा थर होईल तेवढा. कारखान्यात यातले नको असलेले तांबे रसायनाने खाऊन टाकतात आणि हवे तेवढे ठेवतात. ज्यांनी घरी फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड धुतला आहे त्यांच्या प्लास्टिकच्या टबावरचे पिवळसर तपकिरी डाग आयुष्यभर जात नाहीत. त्यांच्या आईला विचारा. तेव्हा संगणकावर आपण ‘ओततो’, प्रत्यक्षात ‘न काढता ठेवतो’. शब्द फसवा आहे, पण रूढ झाला आहे.

एवढे तांबे ठेवायचे कशाला? पहिले कारण ग्राउंड. प्रत्येक सुट्या भागातून गेलेला करंट कुठूनतरी परत यायला हवा. त्याला परतीची अरुंद, वळणावळणाची वाट दिली तर वाटेत व्होल्टेज हरवते आणि एका भागाची खडखड दुसऱ्याच्या कानात जाते. त्याऐवजी अख्खे अंगणच मोकळे ठेवले तर ज्याने त्याने जवळच्या वाटेने परतावे. दुसरे कारण उष्णता: तापणाऱ्या भागाची उष्णता पसरायला तांब्यासारखे दुसरे काही नाही. तिसरे अगदी घरगुती आहे, रसायन कमी लागते.

आता ज्या जागेवर सुट्या भागाचा पाय बसवून डाख द्यायचा त्या जागेला पॅड म्हणतात. तांब्याचा पूर पडद्यावर पसरतो तेव्हा तो परक्या पॅडपासून ठरलेले अंतर राखून थांबतो, जसे पाटाचे पाणी वाफ्यात पसरते आणि बांधाशी अडते. पण ग्राउंडचे पॅड तर ग्राउंडच्या तांब्याचेच. त्याला कसे जोडायचे? सॉफ्टवेअर इथे तीन पर्याय देते. एक, चारही बाजूंनी पूर्ण जोडून टाका. दोन, पॅडभोवती नारळाच्या झाडासारखे गोल आळे सोडा आणि बाहेरच्या तांब्यापासून पॅडपर्यंत चार अरुंद पाट काढा. हे दिसते बैलगाडीच्या चाकासारखे, म्हणून त्या पाटांना आपण आरे म्हणू. या पद्धतीचे नाव ‘थर्मल रिलीफ’. तिसरा पर्याय, जोडूच नका. त्याची गरज क्वचित पडते.

नवशिक्याला वाटते, पूर्ण जोडणेच उत्तम. जितके तांबे जास्त तितकी जोडणी पक्की. हे चुकीचे का, ते कल्हईवाल्याला ठाऊक होते.

आठवून पाहा. तो आधी भाता मारून भांडे चांगले तापवी. मग नवसागर टाकी, धूर होई, आणि मग कथील लावून कापसाने भराभर फिरवी. भांडे तापलेले नसेल तर कथील पसरत नाही, गोळी होऊन घरंगळते. कथील गरम असून उपयोग नाही, भांडे गरम हवे. सोल्डरिंगचे शास्त्र अगदी हेच आहे. नवसागराच्या जागी फ्लक्स आला एवढेच. डाखात आजही मुख्यतः कथीलच असते. (कथिलाला कन्नडमध्ये तवर म्हणतात. शेवटी एक उकार लावला की त्याचे माहेर होते, तवरु! दोन्ही भाषांच्या घरातल्या सुनांना हे सांगायला नको.) शिसे-कथिलाचा नेहमीचा डाख १८३ अंशांना वितळतो, शिसे नसलेला २१७ अंशांच्या पुढे. सोल्डरिंगच्या इस्त्रीचे टोक साडेतीनशे अंशांवर असते, म्हणजे डाख वितळणार हे नक्की. पण पॅड जर चारही बाजूंनी तळहाताएवढ्या तांब्याला चिकटलेले असेल तर इस्त्रीने दिलेली उष्णता क्षणात त्या तांब्यात पळून जाते. मेणबत्तीने बंब तापवण्यासारखा प्रकार. डाख वितळतो, पॅडवर बसल्यासारखा दिसतो, थंड होतो. पण तो तांब्याला धरलेला नसतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. दिसायला जोड, प्रत्यक्षात शेजार.

कन्नडमध्ये डाखाला बेसुगे म्हणतात, आणि मनांच्या जुळण्यालाही तोच शब्द. १९७६ सालचा त्या नावाचा चित्रपट अनेकांना आठवत असेल. ड्राय सोल्डर म्हणजे बेसुगे न झालेले लग्न. फोटोत सगळे ठीक दिसते.

विहिरीवरचा बोर्ड

खानापूर तालुक्यातल्या एका परिचित शेतकरी घरातली मुलगी पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला होती. शेताला थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि पाळी कितीदा तरी रात्रीची असते. वडिलांना रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीवर जावे लागे. पावसाळ्यात एकदा पायाजवळून साप गेला तेव्हापासून आईचा डोळ्याला डोळा लागेना. मुलीने ठरवले, प्रोजेक्ट करायचा तर मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरचा. बाजारात तो तयार मिळतो हे तिलाही माहीत होते. पण स्वतः केलेला तिला हवा होता, आणि तिच्या बाबांनाही.

पहिला बोर्ड तिने मन लावून काढला. दोन्ही बाजूंना ग्राउंडचे तांबे, आणि जोडणी पूर्ण. टेबलावर आठ दिवस उत्तम चालला. विहिरीवर नेला आणि रडगाणे सुरू झाले. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर खट् करून बसला की कधीकधी कंट्रोलर आपोआप पहिल्यापासून सुरू होई आणि मोटर बंद पडे. कधी दिवसातून एकदा, कधी तीन दिवसांत नाही. म्हणजे बाबांना रात्री जावे लागायचे ते लागायचेच, वर आता मोटर चालू आहे की नाही याची काळजी वेगळी.

‘काका, प्रोग्राममध्ये काहीच चूक नाही हो. तीनदा बघितलं,’ ती सांगत होती. प्रोग्राममध्ये खरोखरच काही नव्हते. बोर्ड घरी आणून, मेन लाइनशी काही संबंध न ठेवता, फक्त १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेका जागी हलकेच टकटक केली. वीज आत येते त्या स्क्रूच्या कनेक्टरच्या ग्राउंड पायापाशी टक् केले की एलसीडी मिटून पुन्हा पेटे. भिंगातून पाहिले तर पायाभोवती डाखाची छान गोल गोळी, आणि तिच्या बुडाशी केसासारखी काळी रेघ. वरून तांबे, खालून तांबे, दोन्हीकडे पूर्ण जोडलेले. तिच्या २५ वॅटच्या इस्त्रीची तिथे काय मात्रा चालणार?

शिकवणीतून आणि व्हिडिओंतून मुलांना हे सांगितले जात नाही असे नाही. पण ‘थर्मल रिलीफ वापरा’ एवढेच सांगितले जाते, का वापरा हे सांगितले जात नाही, आणि मग पुढची चूक होते. तिचीही झाली. तिने दुसऱ्या बोर्डात सरसकट सगळ्या पॅडना थर्मल रिलीफ दिला.

चार आऱ्यांचा हिशेब

इथे एक शंका हमखास येते: चार बारीक आऱ्यांतून करंट पुरेसा जाईल का? आकडे मांडून पाहू. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौरस तुकड्याचा, तो लहान असो वा मोठा, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम असतो. अर्धा मिलीमीटर रुंद आणि तेवढाच लांब आरा म्हणजे असा एक चौरस. चार आरे मिळून रोध एक अष्टमांश मिलिओहम. पाच अँपिअर गेले तरी व्होल्टेज बुडते ते एका मिलिव्होल्टपेक्षाही कमी. विजेला ही बारीक मान जवळजवळ जाणवतच नाही. दहा-वीस अँपिअरची गोष्ट असेल तर विचार करावा. कंट्रोलरच्या बोर्डात ती भीती निरर्थक आहे.

उष्णतेला मात्र ती मान चांगलीच जाणवते. दोन मिलीमीटरच्या पॅडभोवती पूर्ण जोड असण्याऐवजी असे चार आरे असले तर त्या कड्यातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेला तीन-चार पट अडथळा होतो. तेवढ्यात पॅड तापते, डाख पातळ होऊन पायाभोवती चढतो आणि भोकातून खालच्या बाजूला उतरतो. वीज जाऊ द्यायची आणि उष्णता अडवायची, असे दुहेरी काम हे चार आरे करतात. पुढे कधी तो भाग काढून बदलायचा झाला तर दुरुस्त करणारा माणूसही दुवा देतो, कारण पूर्ण जोडलेला पाय उपसताना पॅडच उखडून हातात येते.

पण उष्णता अडवणे हेच जिथे घातक, तिथे? तिच्या बोर्डावर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा एक रेग्युलेटर होता, ७८०५ च्या जातीचा, बोर्डाला पोटावर चिकटून बसणारा. त्याच्या पोटाखालचा धातूचा पत्रा हाच त्याचा ग्राउंड आणि तीच त्याची उष्णता बाहेर टाकायची वाट. दोन रिले, एलसीडी, मायक्रोकंट्रोलर मिळून ०.३ अँपिअर घेत. रेग्युलेटरवर ७ व्होल्ट उरतात. सात गुणिले ०.३ म्हणजे २.१ वॅटची उष्णता. चार आऱ्यांचा उष्णतेला होणारा अडथळा दर वॅटमागे सुमारे १८ अंश. म्हणजे फक्त त्या अर्ध्या मिलीमीटरच्या फटीपायी रेग्युलेटर ३७-३८ अंश जास्त तापणार. हेच सहा मिलीमीटरचे चौकोनी पॅड चारही बाजूंनी पूर्ण जोडले तर तोच फरक जेमतेम तीन अंश.

विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत उन्हाळ्याच्या दुपारी आधीच पन्नास अंश. त्यावर रेग्युलेटरची स्वतःची उष्णता, त्यावर हे सदतीस. या जातीच्या रेग्युलेटरला एक शहाणपण दिलेले असते: फार तापला की तो स्वतःला बंद करतो, निवला की पुन्हा चालू होतो. त्यामुळे दुसरा बोर्ड रात्री चोख चालला आणि दुपारी तीन वाजता बंद-चालू खेळू लागला. बाबा म्हणाले, ‘रात्रीचं काम झालं की, दुपारी मी जातोच.’ मुलीला ते पटले नाही, आणि ते बरेच झाले.

तिसऱ्या बोर्डात तिने एकाच ग्राउंडवरच्या पॅडना वेगवेगळी वागणूक दिली. हाताने डाख द्यायच्या, भोकातून जाणाऱ्या सगळ्या पायांना आरे. रेग्युलेटरच्या पोटाला पूर्ण जोड, शिवाय त्याच्याखाली आणि आजूबाजूला बारीक भोके पाडून उष्णतेला मागच्या बाजूच्या तांब्यात उतरायला जिना. तो पत्रा चिकटवणे तिच्या इस्त्रीला जड गेले, हे खरे. शेवटी खालून गरम हवेचा झोत देऊन बोर्ड आधी तापवला आणि मग डाख धरला. पुन्हा कल्हईवालाच!

तिच्या वर्गातल्या एकाचा अनुभव आणखी वेगळा. त्याने तांदळाच्या दाण्याहूनही लहान रेझिस्टर भट्टीत भाजून बसवले. एका टोकाला भरपूर तांबे, दुसऱ्या टोकाला बारीक ट्रॅक. बारीक बाजूचा डाख आधी वितळला, त्याने रेझिस्टर आपल्याकडे ओढला आणि तो कबरीच्या दगडासारखा एका पायावर उभा राहिला. इंग्रजीत या दोषाचे नावही तेच आहे, टोम्बस्टोन. तिथेही तांब्याच्या बाजूला आरे दिले की दोन्ही टोके बरोबरीने तापतात.

सॉफ्टवेअरच्या बाजूने

हे सगळे ती कीकॅड नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करत होती. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या जाँ-पिएर शारा या प्राध्यापकांनी १९९२ साली ते लिहायला सुरुवात केली. २०१३ पासून जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन केंद्राने त्याला मोठा हातभार लावला. पैसे न मोजता इतके चांगले साधन मुलांच्या हातात आले, याबद्दल या मंडळींचे आभार मानावेत तेवढे थोडे.

त्यात तांब्याच्या प्रत्येक क्षेत्राला ‘झोन’ म्हणतात. झोनच्या सेटिंगमध्ये पॅडची जोडणी कशी हवी ते ठरवता येते: सगळ्यांना आरे, सगळ्यांना पूर्ण जोड, किंवा फक्त भोकाच्या पॅडना आरे आणि पृष्ठभागावरच्या पॅडना पूर्ण जोड. आळ्याची रुंदी आणि आऱ्याची जाडी तिथेच ठरते, आपणहून येते ती अर्धा मिलीमीटर. आणि एखाद्याच पॅडला अपवाद करायचा तर त्या पॅडवर जाऊन सांगता येते. हा अपवादाचा रकाना फार कमी मुले उघडतात. खरे काम तिथेच आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी सांगायलाच हव्यात. पडद्यावरचे तांबे शिळे असू शकते. ट्रॅक हलवला, भाग सरकवला, की झोन आपोआप नव्याने भरला जाईलच असे नाही. ‘बी’ ही कळ दाबून तो पुन्हा भरावा लागतो. दुसरे, दाटीवाटीत चारपैकी तीन आऱ्यांच्या वाटेत दुसरे ट्रॅक येतात आणि पॅड एकाच आऱ्यावर लटकते. नव्या आवृत्त्यांत तपासणी चालवली की सॉफ्टवेअर हे दाखवून देते. सूचना आली की ती ‘नंतर बघू’ म्हणून मिटवू नये. तिसरे, ट्रॅकच्या गर्दीत तांब्याचा एखादा तुकडा कुठेच न जोडलेला, बेटासारखा उरतो. त्याला काढून टाकण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी.

आणि एका बाबतीत मात्र तडजोड नको. मोटरच्या स्टार्टरला जोडलेल्या रिलेच्या संपर्कांवर ४१५ व्होल्ट असतात. तिथे नेहमीचे अर्ध्या मिलीमीटरचे अंतर राखून ग्राउंडचे तांबे नेऊन भिडवणे म्हणजे यमाला आमंत्रण. २३० व्होल्टच्या लाइनपासून कमी व्होल्टेजच्या भागापर्यंत सहा ते आठ मिलीमीटर जागा सोडण्याचा रिवाज आहे. इथे त्याहून जास्त सोडावी. रिलेच्या त्या अर्ध्या बाजूला दोन्ही थरांवर ‘इथे तांबे नको’ अशी चौकट आखून टाकावी. पुष्कळ जण रिलेखाली एक लांब खाचही कापून घेतात. आपल्या मुलाचा प्रोजेक्ट मेन लाइनला लागणार असेल तर आई-वडिलांनी, इलेक्ट्रॉनिक्स कळत नसले तरी, हा एक प्रश्न जरूर विचारावा: ‘लाइनच्या बाजूला तांबे कुठपर्यंत आलंय, दाखव.’ आणि त्या बोर्डाला वीज पहिल्यांदा जोडताना जाणता माणूस शेजारी असावा.

तिसरा बोर्ड पाठवायच्या आदल्या रात्री ती पडद्यावर एकेक ग्राउंड पॅड मोठे करून बघत होती. सगळे मिळून २३ होते. वहीत दोन रकाने केले होते: ‘आरे’ आणि ‘पूर्ण’. पूर्णच्या रकान्यात एकच नाव होते, रेग्युलेटर. तेवढ्यात तिने एलसीडीचा कनेक्टर दोन मिलीमीटर डावीकडे सरकवला, कारण पेटीच्या खिडकीशी तो जुळत नव्हता. आई म्हणाली, ‘झोप आता, झालं ना सगळं?’ ती म्हणाली, ‘थांब, परत भरायला पाहिजे,’ आणि ‘बी’ दाबून पुन्हा पहिल्या पॅडपासून मोजायला बसली.